विहीर बुजवली आणि तिकीट लावलं

गेल्या डिसेंबरात आमच्या टीमच्या ग्रुपवर एक पोस्टर आलं. निळ्या टबात गळ्यापर्यंत बुडालेला, दाढी नीट कोरलेला एक माणूस डोळे मिटून बसलेला. खाली ओळ : सॉना, आइस बाथ, ब्रीदवर्क, कम्युनिटी. ४५ मिनिटं, १५०० रुपये. टीम आउटिंगचं बजेट शिल्लक होतं, म्हणून आम्ही सहा जण गेलो.

खोटं कशाला बोलू, मजा आली. लाकडाच्या खोलीत घामाच्या धारा लागल्या. मग बर्फाच्या पाण्यात उतरल्यावर पहिली दहा सेकंदं श्वासच सापडेना. दीड मिनिटानं बाहेर आलो तेव्हा अंग झणझणत होतं आणि तीन दिवस डोक्यात घोळत असलेला प्रोडक्शनमधला बग कुठल्या कुठे गेला होता.

निघताना तिथल्या मुलानं विचारलं, "सर, फर्स्ट टाइम?"

मी हो म्हणालो. पार्किंगपर्यंत गेल्यावर लक्षात आलं, आपण खोटं बोललो. पहिली वेळ कुठली? आठवीपर्यंतचा प्रत्येक उन्हाळा मी हेच करत होतो. तेव्हा कुणी पैसे मागत नव्हतं, एवढंच.

इथून पुढं हा लेख एका ठरलेल्या वाटेनं जाऊ शकतो. "जे आज गोरे लोक विकतायत ते आपल्या पूर्वजांना कधीच माहीत होतं" अशी वाट. तसले फॉरवर्ड तुमच्या फोनवर रोज येतात, त्यात माझी भर नको. मला भांडायचंय, आणि दोन्हीकडे भांडायचंय. पंधराशे रुपयांत टब विकणाऱ्यांशी, आणि "आमच्याकडे विहीर होती" म्हणून छाती फुगवणाऱ्यांशीही.

माझं म्हणणं सरळ आहे. चार लोकांनी मिळून गार पाण्यात उतरणं, एकत्र बसून घाम गाळणं ही बागेसारखी, वाचनालयासारखी सार्वजनिक सोय आहे. आपल्याकडे ती होती, पण सगळ्यांची नव्हती. जेवढी होती तेवढीही आपण सांभाळली नाही. आणि आता ती परत येतेय ती तिकीट लावून. यातल्या तिन्ही गोष्टींचा राग यायला हवा.

०

माझं गाव पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठावर. आजोळ साताऱ्याकडचं. त्यामुळं उन्हाळ्याच्या सुट्टीत पाणी दोन्हीकडं. गावात मळ्यातली विहीर आणि नदी, आजोळी ओढा आणि पुन्हा विहीर.

पोहायला मला तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधला आणि विहिरीच्या थारोळ्यावरून ढकलून दिलं. मी बोंबललो. वरून आवाज आला, "पाय मार की लेका, पाणी खात नाही तुला." आठव्या दिवशी डबा सुटला. पंधराव्या दिवशी मी मुटका मारत होतो. वर ४० अंशांचं ऊन आणि खोल विहिरीतलं पाणी साधारण २५ अंशांच्या आसपास. आकड्यात ते बर्फाच्या टबाजवळही जात नाही, पण तापलेल्या अंगाला हा फरक पुरेसा असतो. पाण्यातून वर यायचं, तापलेल्या दगडावर पालथं पडायचं, अंग भाजलं की परत उडी. दिवसातून दहा वेळा. हिवाळ्यात याच्या उलट. अंगणात तांब्याचा बंब धडधडतोय, दिवाळीच्या पहाटे थंडीत तेल-उटणं लावून कुडकुडत बसायचं आणि मग कढत पाणी. गरम-गार, गार-गरम. याला 'कॉन्ट्रास्ट थेरपी' म्हणतात हे मला पुण्यात कळलं.

सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे म्हणजे पाण्यात उतरण्याच्या जागांची यादीच आहे. साताऱ्याजवळ लिंब गावची बारा मोटेची विहीर घ्या. शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत वीरूबाई भोसले यांनी बांधून घेतलेली. अष्टकोनी, आणि आत चक्क महाल. वाईचे घाट, मेणवलीचा नाना फडणवीसांचा घाट, जो तुम्ही 'स्वदेस'मध्ये पाहिलाय. कृष्णा आणि वेण्णा भेटतात तो संगम माहुली. खाली सांगलीत कृष्णेवरचे घाट, हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम. आणि १९२९ साली बांधलेला आयर्विन पूल. पूर आला की या पुलावरून सूर मारणारी पोरं आजही मोबाइलच्या कॅमेऱ्यात सापडतात. (तुम्ही मारू नका. २०१९ साली याच पुलाजवळ पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं होतं.)

घाट म्हणजे काय, हे इंजिनिअरच्या नजरेनं बघा. पाण्याची पातळी आठ महिन्यांत वीस-तीस फूट वर-खाली होते. तरीही वर्षातल्या कुठल्याही दिवशी, कुठल्याही वयाच्या माणसाला पाण्यापर्यंत सुरक्षित पोचता यावं म्हणून केलेली सोय म्हणजे घाटाच्या पायऱ्या. कुणीतरी पैसा खर्च करून, दगड घडवून, लोकांना पाण्यात उतरण्यासाठी इंटरफेस बांधला. तिकीटखिडकी बांधली नाही.

इथपर्यंत छान वाटतंय ना? आता दुसरी बाजू.

०

१९०१ साली नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा भावंडांबरोबर साताऱ्याहून निघाला. वडील गोरेगावला नोकरीला होते, त्यांना भेटायला. पोरं मसूर स्टेशनावर उतरली. न्यायला कुणी आलं नव्हतं. जात कळल्यावर स्टेशनमास्तर मागं सरला, गाडीवान जवळ बसेना, जास्त भाडं देऊन पोरांनीच बैलगाडी हाकली. सोबत डबा भरलेला होता, पण पाणी कुठंच मिळालं नाही. रात्र उपाशी गेली. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. पुढं त्यांनी स्वतःच हा प्रवास लिहून ठेवला. हे सगळं आपल्याच जिल्ह्यांत घडलंय. मसूर कराड तालुक्यात आहे. ज्या शाळेत ते शिकत होते ती साताऱ्यातली शाळा आजही उभी आहे.

त्या परिसरात तेव्हा विहिरी नव्हत्या? भरपूर होत्या. नदी आटली होती? नाही.

म्हणून "आमच्याकडे विहीर होती" असं कुणी म्हणालं की मी विचारतो, आमच्याकडे म्हणजे कुणाकडे? ज्यांचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं कटगुण, त्या जोतिराव फुल्यांना १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला करावा लागला, यातच सगळं आलं. महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव केला होता, तरी २० मार्च १९२७ रोजी त्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. आणि तो हक्क मुंबई उच्च न्यायालयात टिकायला १९३७ साल उजाडलं. ठराव होऊन तेरा वर्षं. तेही एका तळ्याच्या पाण्यासाठी.

हे झालं जातीचं. आता घरातलं सांगतो. माझी ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. ज्या विहिरीत मी पंधरा दिवसांत मुटका मारायला शिकलो त्या विहिरीच्या काठावर ती माझे कपडे सांभाळत बसायची. तिला डबा कुणी बांधला नाही. पोरगी ओल्या कपड्यात वर कशी येणार, बघणारे काय म्हणणार, म्हणून. आईनं तीस वर्षं नदीच्या घाटावर धुणं धुतलं. गुडघ्याच्या वर पाणी तिनं कधी अंगावर घेतलं नाही. घाट तिच्यासाठी कामाची जागा होती आणि माझ्यासाठी खेळाची. दगड तेच, नदी तीच.

तेव्हा ज्यांना जुनं सगळं परत हवंय त्यांना माझा नमस्कार. मला जुनं परत नकोय. जुन्यातलं पाणी हवंय, पहारेकरी नकोत.

०

आणि जे होतं तेही गेलं कसं?

मोट गेली, इंजिन आलं, मग विजेची मोटर. ते चांगलंच झालं, बैलांचे आणि माणसांचे हाल वाचले. पण मोट असलेल्या विहिरीवर दिवसभर माणसं असायची, मोटर असलेल्या विहिरीवर कुणी नसतं. नंतर बोअर आली. विहिरीतलं पाणी खाली गेलं, मग विहिरीत कचरा पडू लागला. आमच्या मळ्यातल्या विहिरीवर आता लोखंडी जाळी आहे. शेजारची तर बुजवूनच टाकली आणि त्यावर गोठा बांधला. दर मे महिन्यात कुठंतरी पोरं विहिरीत बुडाल्याची बातमी येते, त्यामुळं जाळी बसवणाऱ्याला मी दोष देत नाही. पोरांना पोहायला शिकवण्याऐवजी पाण्यालाच कुलूप लावलं, एवढीच तक्रार.

नदीचं तर विचारू नका. सांगलीकरांना शेरीनाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. शहराचं सांडपाणी या नाल्यातून कृष्णेत येतं, आणि ते उचलून धुळगावकडं नेण्याच्या योजनेच्या बातम्या वाचत माझी आख्खी पिढी मोठी झाली. २०२३ च्या मार्चमध्ये अंकली परिसरात नदीत मेलेल्या माशांचा खच पडला होता. ते फोटो बघितल्यावर कुठली आई पोराला पाण्यात जाऊ देईल?

इथं माझ्या धंद्यातला एक साधा नियम लागू होतो. ज्या सॉफ्टवेअरला वापरणारेच नाहीत त्याचे बग कुणी कळवत नाही. नदीचंही तसंच झालं. रोज दोनशे माणसं पाण्यात उतरत होती तेव्हा वास बदलला, रंग बदलला, अंगाला खाज सुटली की त्याच संध्याकाळी गावात बोंब व्हायची. लोक उतरायचे थांबले, तशी बोंबही थांबली. नदी खराब झाली म्हणून लोक गेले, आणि लोक गेले म्हणून ती आणखी खराब करायला मोकळीक मिळाली.

या रिकाम्या जागेत पंधराशे रुपयांचा टब आलाय. त्याच्या दारावर जात विचारत नाहीत, हे मान्य. फक्त क्यूआर कोड स्कॅन करायला लावतात. आत आम्ही सहा जण होतो आणि आणखी चौघं. दहाच्या दहा जण साधारण एकाच पगाराचे, एकाच प्रकारच्या सोसायटीत राहणारे. आम्हाला तिथपर्यंत सोडणारा रिक्षावाला आणि तिथं टॉवेल उचलणाऱ्या मावशी यांपैकी कुणीही त्या कम्युनिटीत नव्हतं.

०

"अरे पण खर्च असतो ना त्याला." असतो. किती असतो ते काढू. मी घरी बसून हिशेब मांडला, तुम्हीही कागद घ्या.

१५०० लिटरचा हौद धरा. पाणी २८ अंशांवरून १२ अंशांवर आणायचं. १६ अंश गुणिले १५०० लिटर, म्हणजे २४,००० किलोकॅलरी उष्णता बाहेर काढायची. विजेच्या भाषेत सुमारे २८ युनिट. पण चिलर एका युनिटमध्ये साधारण तीन युनिट उष्णता ओढतो, म्हणून प्रत्यक्ष वीज लागेल नऊ-दहा युनिट. दिवसभर लोक उतरणार, हवा तापणार, म्हणून दुप्पट धरू. २० युनिट.

सॉनाची आठ जणांची खोली. ९ किलोवॅटचा हीटर पाच तास अजिबात न थांबता चालला तर ४५ युनिट. खरं तर तो थर्मोस्टॅटवर मधे मधे बंद होतो, पण राहू दे.

एकूण ६५ युनिट. दर १२ रुपये धरला तर दिवसाला ७८० रुपये. दोन माणसं कामाला, त्यातलं एक जीवरक्षकाचं प्रशिक्षण घेतलेलं. दोघांचे मिळून १४०० रुपये. पाच तासांत अर्ध्या-अर्ध्या तासानं आठ-आठ जण म्हणजे ८० जागा. त्यातल्या ६० भरल्या तर डोई ३६ रुपये. गाळणी, क्लोरीन, दुरुस्ती यांचे १० रुपये वर घाला. ४६.

हिशेबात जागेचं भाडं नाही, बांधकाम नाही. बरोबर. कारण बागेच्या तिकिटात आपण जमिनीचं भाडं धरत नाही, वाचनालयाच्या वर्गणीत इमारतीची किंमत धरत नाही. महापालिकेच्या जलतरण तलावांकडं जागा आहे, पाणी आहे, कपडे बदलायच्या खोल्या आहेत. तिथं आणखी दोन खोल्या लागतील. पन्नास रुपयांत बसणारी गोष्ट पंधराशेला मिळते तेव्हा वरचे साडेचौदाशे भाड्याचे, मंद दिव्यांचे आणि आपल्यासारखेच लोक भेटण्याच्या खात्रीचे असतात.

आणि औषधाच्या नावानं जे विकलं जातं तेही तपासून घ्या. "घामातून विषारी द्रव्यं बाहेर पडतात" असं तिथं सांगितलं गेलं. ते काम लिव्हर आणि किडन्या करतात. घाम अंग थंड करायला येतो. फिनलंडमध्ये २३१५ पुरुषांवर वीसेक वर्षं लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून चार ते सात वेळा सॉना घेणाऱ्यांमध्ये हृदयविकारानं अचानक मरण्याचं प्रमाण एकदाच घेणाऱ्यांपेक्षा कमी दिसलं. दिसलं, एवढंच. सॉनामुळंच ते कमी झालं, हे अशा अभ्यासातून सिद्ध होत नाही. गार पाण्यात एकदम उतरल्यावर श्वास आपोआप ओढला जातो, रक्तदाब चढतो. हृदयाचा त्रास असलेल्यानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये, दारू पिऊन कुणीच उतरू नये, एकट्यानं तर नाहीच. मला यातून चमत्कार नकोय. अंग हलकं होतं, झोप चांगली लागते, शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाशी फोन हातात नसताना दोन शब्द बोलणं होतं. माझी मागणी एवढ्यावर उभी आहे.

०

हे स्वप्नरंजन नाही. ब्रिटनमध्ये १८४६ साली कायदा झाला आणि तिथल्या शहरांना लोकांच्या पैशातून स्नानगृहं आणि धुण्याच्या जागा बांधता येऊ लागल्या. गिरणीच्या आणि गोदीच्या कामगारांच्या घरात न्हाणीघर नव्हतं, म्हणून. जपानमधल्या सेन्तो म्हणजे सार्वजनिक स्नानगृहांच्या दराची कमाल मर्यादा तिथली प्रांतिक सरकारं ठरवतात. मालक खासगी असला तरी अंघोळीचा भाव त्याच्या मर्जीवर नाही.

आणि हेलसिंकी. हे नाव सातारा जिल्ह्याला नवं नाही. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली तिथंच कुस्तीत ब्राँझ मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या शहरात कामगारवस्तीतला कोटिहार्यू नावाचा सार्वजनिक सॉना १९२८ पासून लाकडाच्या आगीवर चालतोय. २०११ पासून तिथं समुद्राकाठी लोकांनी स्वतः उभा केलेला सोम्पासॉना आहे. तिकीट नाही, मालक नाही; येणाऱ्यानं लाकूड फोडायचं, आग सांभाळायची, समुद्रात बुडी मारायची. साधारण ५५ लाख लोकांच्या या देशात ३० लाखांहून जास्त सॉना आहेत, आणि २०२० साली युनेस्कोनं ही संस्कृती वारशाच्या यादीत घेतली. तिथं सॉना श्रीमंतीची खूण नाही. आपल्याकडं विमानातून उतरताना तो श्रीमंत झाला.

परदेश राहू द्या. पुण्यात ताडीवाला रोडवर बापू भवनात केंद्र सरकारची राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. गांधीजी तिथं अनेकदा येऊन राहिले होते. उरुळी कांचनचा निसर्गोपचार आश्रम त्यांनीच १९४६ साली सुरू केला. बाष्पस्नान, कटिस्नान हे निसर्गोपचारातले नेहमीचे शब्द. मुंबईजवळ तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडांत दुकानदार, ड्रायव्हर, आज्ज्या, सगळे शेजारी शेजारी पाय सोडून बसतात. आणि औंधच्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, सूर्यनमस्कार संस्थानातल्या शाळाशाळांत नेले होते. लोकांचं शरीर ही राज्यकारभाराची बाब आहे, हे शंभर वर्षांपूर्वी साताऱ्यातल्या एका छोट्या संस्थानाला पटलं होतं. आज महापालिकेला पटवायला लागतंय.

०

आता तुमचे आक्षेप. मित्रांनी आधीच ऐकवलेत.

"मे महिन्यात पीएमटीत उभा राहा, फुकटात सॉना." हसलो. पण यातच माझा मुद्दा आहे. सॉना हा आपल्या हवेत पावसाळ्या-हिवाळ्यातला प्रकार, हे मला मान्य. गार हौद मात्र उन्हाळ्यात चैन उरत नाही. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्याला रात्री अकरालाही भिंत हाताला गरम लागते. दिवसभर बाइकवर जेवण पोचवणारा पोरगा, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उचलून नखशिखांत पिवळा झालेला हमाल, शहर झाडणाऱ्या बायका. गार पाण्याची गरज सगळ्यात जास्त यांना, आणि टबाच्या रांगेत यांतलं कुणीच नाही.

"जत आणि माणमध्ये टँकर चालतात, आणि तुला डुंबायला हवंय?" हा आक्षेप मला टोचतो, कारण तो खरा आहे. पण १५०० लिटरचा हौद गाळून गाळून तेच पाणी फिरवतो. एका टँकरमध्ये सहा-सात हौद भरतात. याच जोरानं हा प्रश्न तुम्ही क्लबहाउसच्या स्विमिंग पूलला विचारलाय का? तिथं लाखो लिटर पाणी असतं आणि बहुतेक वेळा पाण्यात चार माणसं. दुष्काळाची आठवण नेमकी सार्वजनिक सोयीच्या वेळीच का होते?

"आधी नदी साफ करा, मग बोला." नाही. दोन्ही एकदम करा. आधी नदी, मग लोक, असा क्रम लावला की नदीचा नंबर कधीच लागत नाही. शहरातल्या ज्या पोरीला हौदात पोहायची चटक लागेल, तीच उद्या घाटावर उभी राहून विचारेल, हे पाणी असं का?

०

तर मागण्या. चार आहेत, मोजून घ्या.

एक : पुणे असो, सांगली-मिरज-कुपवाड असो की सातारा, पालिकेच्या प्रत्येक जलतरण तलावाला एक वाफेची किंवा सॉनाची खोली आणि एक गार हौद. दर ५० रुपये. सफाई कामगार आणि हमाल यांना मोफत, विद्यार्थ्यांना निम्मा.

दोन : निम्म्या वेळा बायकांच्या. दुपारी बारा ते एकची, कुणालाच नको असलेली बॅच देऊन भागणार नाही. सकाळी सहाची आणि संध्याकाळी सातचीही हवी. पाण्याजवळ शिकवायला आणि राखायला बायका हव्यात.

तीन : उन्हाळ्याच्या सुट्टीत पालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या प्रत्येक मुलाला, आणि विशेष करून प्रत्येक मुलीला, फुकट पोहणं. विहिरीवर जाळी बसवणार असाल तर बसवा, पण त्याच गावात डबा बांधून शिकवणारा पगारी माणूसही ठेवा.

चार : कृष्णेच्या प्रत्येक मोठ्या घाटावर एक पाटी. नदीत अंघोळ करायच्या पाण्याचे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे निकष ठरलेले आहेत. १०० मिलिलिटरमध्ये मलजन्य जिवाणूंची संख्या ५०० च्या आत असावी, काहीही झालं तरी २५०० च्या वर नको. बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. दर आठवड्याला तपासा आणि आकडा मोठ्या अक्षरात घाटावर लिहा. वाईत लिहा, माहुलीत लिहा, सांगलीत तर दोनदा लिहा, शेरीनाल्याच्या वर एकदा आणि खाली एकदा.

हे कुणाकडं मागायचं, तर आपल्या वॉर्डातल्या नगरसेवकाकडं. आपण त्याच्याकडं पार्किंग मागतो, पेव्हर ब्लॉक मागतो. एकदा पाणी मागून बघू.

गेल्या महिन्यात गावी गेलो होतो. जेवताना आईला त्या पंधराशेच्या टबाबद्दल सांगितलं. मला वाटलं ती कपाळावर हात मारेल, पैशाचा धूर म्हणेल. ती थोडा वेळ गप्प बसली. मग भाकरी वाढता वाढता तिनं विचारलं, "बायकांना पण सोडतात का रे आत?"

सोडतात, मी म्हणालो. पंधराशे रुपये असतील तर.

ती काही बोलली नाही. तिच्या या प्रश्नाला ५० रुपयांत 'हो' म्हणता येईपर्यंत आपल्याकडच्या विहिरींचा अभिमान मला सांगू नका.